सोडियम ११७

"सोडियम म्हणजे ते रॉकेलच्या बाटलीत बुडवून ठेवतात, तेच ना रे? पाण्यात टाकलं की पेटतं ते?"

आईने हे विचारलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. आम्ही दोघं आयसीयूच्या बाहेर स्टीलच्या बाकावर बसलो होतो. तिच्या मांडीवर न उघडलेला डबा, माझ्या हातात बाबांचा रक्ताचा रिपोर्ट. त्यावर एकच आकडा जाड ठशात: सोडियम ११७. शेजारी नॉर्मल रेंज, १३५ ते १४५.

"तेच. पण तसं नाही."

"म्हणजे काय?"

बारावीला केमिस्ट्रीत ब्याण्णव मार्क मिळवलेला, वर चार वर्षं इंजिनिअरिंग केलेला मी... आणि मला पुढचं वाक्य सुचेना. 'आयनिक संयुगांचे गुणधर्म लिहा' हा प्रश्न आजही झोपेतून उठवून विचारलात तर मी सहाही मुद्दे सांगेन. पण आईला सोडियम म्हणजे काय ते सांगता येईना. त्या रात्री जमलं तेवढं सांगितलं. उरलेलं आज लिहितोय.

आधी हे झालं कसं ते सांगतो.

बाबा बँकेतून रिटायर झाले त्याला तीन वर्षं झाली. आईबाबा सांगलीला, मी पुण्यात. एप्रिलमध्ये बाबांचं बीपी वाढलेलं निघालं म्हणून डॉक्टरांनी एक नवीन गोळी सुरू केली. मीठ कमी करा म्हणाले, आणि पंधरा दिवसांनी एकदा रक्त तपासून घ्या असंही म्हणाले. मी समोरच होतो. सगळं फोनमध्ये लिहून घेतलं.

आणि मग मी कामाला लागलो. आम्हा आयटीवाल्यांना एक खोड असते, प्रॉब्लेम दिसला की रविवार संध्याकाळच्या आत तो 'सॉल्व्ह' करून परतीची गाडी पकडायची. टेबलावरची मिठाची बाटली उचलून वरच्या फळीवर ठेवली. लोणचं-पापड बंद. आईला भाजीत निम्मं मीठ घालायला सांगितलं. उन्हाळ्याचे दिवस, म्हणून बाबांच्या फोनवर एक ॲप टाकून दिलं, दर तासाला घंटी वाजते आणि एक निळा ग्लास येतो: पाणी प्या. रक्ततपासणी तेवढी राहिली. म्हटलं, पुढच्या वीकेंडला आलो की करू. पुढच्या वीकेंडला रिलीज होतं. त्याच्या पुढच्याही.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी आईचा फोन आला. "बाबा जरा गप्पगप्प आहेत रे. जेवण जात नाही, मळमळतंय म्हणतात." मी मीटिंगमधून बाहेर येऊन म्हणालो, "उन्हाने झालं असेल. पाणी भरपूर प्यायला सांग."

हे वाक्य मी नंतर किती वेळा आठवलंय, त्याचा हिशोब नाही.

शनिवारी सकाळी घरी पोचलो तर बाबा खाटेवर बसलेले. माझ्याकडे बघून त्यांनी मला धाकट्या काकांच्या नावाने हाक मारली. मग अगदी शांतपणे विचारलं, "कॅश टॅली झाली का?"

हॉस्पिटलमधली डॉक्टर माझ्याच वयाची असेल. रिपोर्ट बघून तिने पहिला प्रश्न विचारला, "दिवसाला पाणी किती पितात?" आई म्हणाली, व्यवस्थित पितात. "व्यवस्थित म्हणजे किती?" मला माहीत नव्हतं. जुनी फाइल आणायला घरी गेलो तेव्हा कपाटात बाबांची डायरी सापडली. चाळीस वर्षं कॅशची वही लिहिलेला माणूस... रोजचं एक पान. प्रत्येक घंटीला एक टिक. खाली आडवी रेघ मारून बेरीज. १४. १५. १६. १६. १६. पाव लिटरचा ग्लास धरला तरी चार लिटर झाले. एकही घंटी चुकवली नव्हती त्यांनी. मुलाने सांगितलंय म्हटल्यावर.

ती डायरी मी डॉक्टरला दाखवली. ती रागावली वगैरे नाही. म्हणाली, "नुसतं मीठ कमी पडलंय असं नाही. पाणी जास्त झालंय. ही गोळी लघवीवाटे सोडियम बाहेर घालवते आणि जादाचं पाणी बाहेर टाकणं किडनीला अवघड करते. काही जणांना, विशेषतः वय झालेल्यांना, ती अशी बाधते. वरून इतकं पाणी आणि खाणं कमी."

तर आता आईचा प्रश्न.

शाळेत आमच्या सरांनी चिमट्याने सोडियमचा हरभऱ्याएवढा तुकडा पाण्यात टाकला होता, तो सुर्रर्र करत पाण्यावर पळत सुटला होता. आईच्याही शाळेत कधीतरी तसाच पळाला असणार. तो सोडियम धातू. गंमत म्हणजे माणूस हजारो वर्षं मीठ खातोय, पण हा धातू १८०७ सालापर्यंत कोणी पाहिलासुद्धा नव्हता. हम्फ्री डेव्हीने वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडून तो पहिल्यांदा मोकळा केला. मोकळा करायला वीज लागली, यातच सगळं आलं.

सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात. मिठातल्या आणि रक्तातल्या सोडियममध्ये १०. एवढाच फरक! पण त्या एका इलेक्ट्रॉनच्या फरकाने तो धनभारित आयन होतो, आणि पाण्यात पेटणारा धातू पाण्यात निवांत राहणारी वेगळीच वस्तू बनतो. क्लोरीनचं तसंच. क्लोरीन वायू पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, माणसं मारायला वापरला गेला. त्याने एक इलेक्ट्रॉन घेतला की झाला क्लोराइड, आणि तो आपण वरणात घालतो.

"म्हणजे एकाने दिला, दुसऱ्याने घेतला," आई म्हणाली. "देवाणघेवाण."

आम्हालाही असंच शिकवलं होतं. फळ्यावर दोन वर्तुळं, एकाकडून दुसऱ्याकडे बाण. सोडियम उदार, क्लोरीन गरजू, दोघांचं अष्टक पूर्ण, दोघं सुखी. पुरे मार्क. पण हिशोब मांडला (बाबांचा मुलगा आहे शेवटी) तर ही गोष्ट टॅली होत नाही. सुट्या वायुरूप अणूंपासून सुरुवात केली, तर सोडियमकडून इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे ४९६ किलोज्यूल खर्च येतो. क्लोरीनने तो घेतल्यावर परत मिळतात फक्त ३४९. म्हणजे नुसत्या देवाणघेवाणीत १४७ चा तोटा. कोणी स्वखुशीने काही देत नाही!

मग मीठ बनतंच का? कारण व्यवहार तिथे संपत नाही. तयार झालेले धन आणि ऋण आयन एकमेकांकडे ओढले जातात आणि शिस्तीत रचले जातात. प्रत्येक सोडियमच्या भोवती सहा क्लोराइड, वर-खाली, डावी-उजवी, पुढे-मागे. प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. असं लांबच लांब, खड्याच्या कडेपर्यंत. या रचनेत मोलमागे ७८७ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. तोटा भरून निघतो आणि वर भरपूर उरतं. म्हणजे बंध जुळतो तो देण्यामुळे नाही, एकत्र राहण्यामुळे.

आणि म्हणूनच खड्याच्या आत 'मिठाचा रेणू' अशी चीजच नसते. अमक्या सोडियमचा अमकाच क्लोरीन, अशी जोडी नाही. वडील-मुलगा ब्रॅग यांनी १९१३ च्या सुमाराला क्ष-किरणांनी मिठाच्या आतली ही रचना दाखवली, तेव्हा जुन्या रसायनतज्ज्ञांना ते पचेना. हेन्री आर्मस्ट्राँग नावाच्या बुजुर्गाने तर १९२७ साली 'नेचर'मध्ये या बुद्धिबळाच्या पटासारख्या मिठावर चिडून लिहिलं. ते वाचल्यापासून, जोडीच्या चित्रात अडकलेला मी एकटाच नाही हे कळून बरं वाटलं :)

एकदा ही रचना डोळ्यासमोर आली की पाठ केलेले ते सहा मुद्दे पाठ करावे लागत नाहीत. मीठ कठीण का, तर प्रत्येकाला सहांनी धरलंय. ठिसूळ का? खलबत्त्यात खडेमिठावर बत्ता मारा. ते चेपत नाही, टचकन फुटतं आणि कडा सपाट निघतात. ठोक्याने एक थर जरासा सरकला की धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतं, आणि जे ओढत होते तेच ढकलायला लागतात. द्रवणांक जास्त का? फुटाणेवाल्याची कढई आठवा. तापलेल्या मिठात दाणे खरपूस भाजून निघतात, पण मीठ तसंच्या तसं. साखर टाकली असती तर केव्हाच पाक होऊन करपली असती. मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात. आणि कोरड्या खड्यातून वीज जात नाही, कारण भार असलेले आयन आहेत खरे, पण सगळे जागच्या जागी जखडलेले.

आता यातली खरी गंमत. ८०१ अंशांपर्यंत दाद न देणारं हे मीठ माठातल्या गार पाण्यात चमच्याने दोनदा ढवळलं की नाहीसं होतं. कसं?

पाण्याचा रेणू वाकडा असतो. त्याची ऑक्सिजनची बाजू थोडी ऋण, हायड्रोजनची थोडी धन. खडा पाण्यात पडला की पाण्याचे रेणू त्याला कडेने लागतात. सोडियमला ऑक्सिजनच्या बाजूने घेरायचं, क्लोराइडला हायड्रोजनच्या. असं एकेक आयन सोडवत नेतात. रचना मोडायला ७८७ लागतात, आणि पाण्याने या आयनांना वेढल्यावर जवळजवळ तेवढेच परत मिळतात, चारएक किलोज्यूल कमी. म्हणून मीठ विरघळताना पाणी किंचित गारच होतं. ही तूट आयनांच्या मोकळं होण्यात भरून निघते. विस्तवाने जे जोरात करावं लागतं, ते पाणी सगळ्या बाजूंनी धरून करतं.

म्हणजे विरघळलेलं मीठ नाहीसं होत नाही, सुटं होतं. हे सुटे आयन पाण्यात आधीपासूनच असतात, वीज सोडल्यावर तयार होत नाहीत, हे स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसने १८८४ च्या प्रबंधात मांडलं. प्रबंधाला जेमतेम पास होण्यापुरता दर्जा मिळाला. त्याच सिद्धांताला १९०३ साली नोबेल मिळालं. मार्कांचं काय घेऊन बसलात...

आणि सुटे आयन हलू शकतात, म्हणून मिठाच्या पाण्यातून वीज जाते. दहावीतला सहावा मुद्दा. काचेपलीकडे बाबांच्या छातीवर मॉनिटरचे गोल स्टिकर लावलेले दिसत होते. त्या स्टिकरखालच्या जेलमध्येसुद्धा क्षारच असतात, आणि पडद्यावर जी हिरवी रेघ उसळत होती तीही आयनांच्याच हालचालीची होती. पेशींच्या बाहेर सोडियम लिटरमागे १४० मिलिमोल, आत दहा-पंधरा. पोटॅशियमचं बरोबर उलटं. हा फरक राखायला पेशीच्या भिंतीत एक पंप अखंड चालू असतो, तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. येन्स स्कोऊने तो १९५७ साली शोधला, नोबेल चाळीस वर्षांनी. मज्जातंतूत संदेश जातो म्हणजे काय, तर एक दार उघडतं आणि बाहेर अडवलेलं सोडियम आत धावतं. मला ओळखणं, कॅश टॅली करणं, घंटी ऐकून ग्लास उचलणं... सगळ्याच्या मुळाशी हेच.

१४० चे ११७. किती कमी झालं? २३ मिलिमोल. सोडियमचं अणुवस्तुमानही २३. म्हणजे लिटरमागे साधारण अर्धा ग्रॅम. चिमूटभर. पण बाहेरचं पाणी पातळ झालं की पाणी पेशींच्या आत शिरतं आणि पेशी फुगतात. इतरत्र फुगायला जागा असते. कवटीत नसते.

"मग द्या ना त्यांना मीठ!" आई म्हणाली. तिचा डबा त्यासाठीच होता. मीठ घातलेली पेज आणली होती तिने.

माझ्याही डोक्यात तेच होतं. आकडा कमी आहे, वाढवा. पण डॉक्टरने सुरुवातीला तीन टक्क्यांचं सलाइन थोडंसं दिलं, गोळी बंद केली, आणि दिवसाला पाणी एक लिटरच्या आत, औषधांसकट. दर सहा तासांनी रक्त. "चोवीस तासांत आठपेक्षा जास्त वाढू द्यायचं नाही," ती म्हणाली. मेंदूच्या पेशी दोन-चार दिवसांत पातळ रक्ताशी जुळवून घेतात, आपल्यातले काही पदार्थ बाहेर टाकून. मग रक्त एकदम खारट केलं तर पेशींतलं पाणी झटक्यात बाहेर ओढलं जातं आणि मज्जातंतूंवरचं आवरण खराब होतं. ते नुकसान काही वेळा कायमचं असतं.

म्हणजे चूक मी महिनाभरात केली होती, पण ती एका रात्रीत दुरुस्त करायची मुभा नव्हती. आमच्या धंद्यात काही बिघडलं की मागच्या व्हर्जनवर जाता येतं, पाच मिनिटांचं काम. इथे ते जमत नव्हतं. फक्त बसायचं. बाबा "पाणी" म्हणायचे आणि नर्स मापाने दोन घोट द्यायची. मे महिन्यात, सांगलीत, तहानलेल्या माणसाला पाणी नाही म्हणायचं... आई तोंड फिरवून बसायची. मी लॅपटॉपवर एक्सेलमध्ये आकडे भरत होतो, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. ११७. १२०. रविवारी सकाळी १२४.

त्या बाकावर बसून मला एवढंच कळलं. मी मीठ हा शत्रू आणि पाणी हा मित्र असं दोन वेगळ्या खात्यांवर लिहून ठेवलं होतं. एक कमी करायचं, दुसरं वाढवायचं. सुटेसुटे दोन्ही सल्ले खोटे नव्हते. बीपीवाल्याने मीठ कमीच खावं. जागतिक आरोग्य संघटना तर सगळ्यांनाच दिवसाला पाच ग्रॅमच्या आत म्हणते. पण रक्तात ही दोन खाती नाहीतच. तिथे फक्त एकच आकडा असतो, इतक्या पाण्यात इतकं सोडियम. आणि तो बघायला सांगितलेली एकमेव तपासणी मी पुढच्या वीकेंडवर ढकलली होती.

आईला मी हे सगळं सांगितलं. घंटीचं, डायरीचं, तपासणीचं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग डबा उघडला, आणि बाबांसाठी आणलेली ती पेज आम्ही दोघांनी खाल्ली. गार झाली होती. मीठ बरोबर होतं.

सोमवारी १२९. बाबांनी मला माझ्या नावाने हाक मारली, आणि "तू ऑफिसला नाही गेलास?" असं नेहमीच्या सुरात खडसावलं. मंगळवारी सकाळी रिपोर्ट आला, १३४. मी तो त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा मागितला, आकडा बघितला, शेजारची रेंज बघितली.

"एकशे पस्तीस पाहिजे ना?" म्हणाले. "एक शॉर्ट आहे."